लाभाआधी मर्यादा

मोजक्या साधनांतून अधिकाधिक लाभ कसा साधावा, या व्यापाऱ्याच्या नित्य प्रश्नाला जॉर्ज डांट्झिग यांनी १९४७ साली ‘सिम्प्लेक्स’ ही गणिती रीत दिली. पुढे ते अमेरिकेतील बर्कली येथे अभियांत्रिकीचे प्राध्यापक झाले.

१९५०च्या दशकात वजन घटविण्यासाठी त्यांनी संगणकाकडून स्वतःचा आहार ठरवून घेतला. पोट अधिकाधिक भरावे, हा हेतू. उत्तरात ५०० गॅलन, म्हणजे सुमारे १,९०० लिटर व्हिनेगर निघाले! ते वगळताच रोज सूपच्या २०० वड्या आल्या. आकडेमोड अचूकच होती. मर्यादा मात्र सांगितलेली नव्हती. मग त्यांनी प्रमाणाला कमाल मर्यादा घातली.

आज मालवाहतूक व गोदामातील साठा यांचे नियोजन याच शास्त्राने होते. मर्यादा आखण्याचे काम मात्र माणसाचेच.