ट्रॅक्टरांतील दवंडी

आपल्या देशांत ५० अश्वशक्तीवरील ट्रॅक्टरांस धुराविषयींचे नवे नियम जानेवारी २०२३ पासून लागू झाले, आणि संगणकाच्या हुकमतीखालीं चालणारीं इंजिनें शेतकऱ्यांच्या दारीं अधिकाधिक येऊं लागलीं. इंजिनाचा एक संगणक, चालकापुढील घड्याळांचा दुसरा, लिफ्टचा तिसरा. ह्या सर्वांचें बोलणें पीळ दिलेल्या दोन तारांवरून चालतें. ह्या व्यवस्थेस ‘कॅन’ म्हणतात. जर्मनींतील बॉश कंपनीनें ती सन १९८६ मध्यें जाहीर केली. ट्रॅक्टर व अवजारें यांकरितां ठरविलेलें ‘आयएसओ ११७८३’ हें प्रमाणही तिच्याच पायावर उभें आहे. तिची रीत ठाऊक असल्यास दुरुस्तीचा नाहक खर्च टळतो.

टपाल ज्याच्या नांवें असेल त्यासच पोहोंचतें. कॅनची रीत मात्र दवंडीची आहे. मूळ रीतींत संदेशावर घेणाराचें नांव नसून ‘इंजिनाचे फेरे’, ‘पाण्याची उष्णता’ असा विषय दर्शविणारा क्रमांक असतो, व पुढें आठ बाइटपर्यंत मजकूर. दवंडी सर्वांच्या कानीं पडते. ज्याचा संबंध तो लक्ष देतो.

प्रत्येक संगणकाजवळ आवक-जावक पाहणारा एक कारकून असतो, तोच कंट्रोलर. तार निवांत होईपर्यंत तो थांबतो, मग ० किंवा १ असा एकेक अंक तारेवर घालतो, व तारेवर काय उमटलें तेंही पाहतो. दोघांनीं एकदमच आरंभ केल्यास ० हा १ ला दाबतो. आपण १ घातला असतां ० दिसला, कीं आपल्याहून निकडीचा संदेश चालला आहे हें जाणून तो कंट्रोलर गप्प बसतो व श्रोता होतो. लहान क्रमांकाचा संदेश अबाधित पुढें जातो. मागें राहिलेला तार मोकळी होतांच पुनः निघतो.

ऐकणारे सर्व कंट्रोलर मजकुरामागून आलेला १५ अंकी ताळा पडताळतात व तो जमल्यास पोंच देतात. कोणाचीच पोंच न आल्यास पाठविणारा पुनः पाठवितो. कोणास चूक आढळल्यास तो एरव्हीं कधींच न येणारे सलग सहा शून्य घालून संदेश सर्वांसाठींच रद्द करतो. शुद्ध संदेशांतून आपल्या कामाचे तेवढे निवडून कंट्रोलर आवकपेटींत ठेवितो. संगणकानें ते वेळेवर न उचलल्यास नव्यांस जागा उरत नाहीं.

चुकांचाही हिशेब राहतो. पाठवितांना चूक झाली कीं खात्यांत ८ चढतात, संदेश नीट गेला कीं १ उतरतो. २५५ ओलांडतांच कंट्रोलर स्वतःच तारेवरून दूर होतो. एकाच्या बिघाडानें सर्वांचें बोलणें बंद पडूं नये, हा हेतु.

म्हणून पडद्यावर संपर्क तुटल्याचा इशारा आला तरी संगणकच बिघडला असें मानूं नये. गंजलेली जोडणी, ओल, उंदरानें कुरतडलेली तार हीं आधीं पाहावीं. इंजिनाकडील कॅन तारेच्या दोन्ही टोकांस साधारणपणें १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो. वीज बंद करून दोन तारांमध्यें मीटर लावला असतां सुमारें ६० ओहम यावे. १२० आल्यास एका टोकाचा रेझिस्टर सुटला अथवा वाटेंत तार तुटली. शून्याजवळ आल्यास तारा एकमेकींस भिडल्या, असें समजावें. जादा दिवा किंवा भोंगा ह्या जोडींतून कधींही घेऊं नये, आणि हें मोजमाप समक्ष पाहिल्यावांचून महागडा संगणक बदलण्यास कोणीही संमति देऊं नये.