तहकूब झालेले छंद

वऱ्हाडातील मध्यम स्थितीच्या घरात दहावीचा निकाल लागल्यानंतर एक निर्णय असा होतो, की ज्याची नोंद कोणत्याही दप्तरात होत नाही, ज्यावर कोणाची स्वाक्षरी घेतली जात नाही, परंतु ज्याचा अंमल सरकारी हुकमाहूनही काटेकोरपणे होतो. आणि तो म्हणजे मुलाचा किंवा मुलीचा छंद दोन वर्षांकरिता तहकूब ठेवण्याचा. “दोन वर्षं फक्त अभ्यास कर, मग जन्मभर काय वाजवायचं ते वाजव,” असे वडील म्हणतात, आई मान डोलावते, शाळेतले सर दुजोरा देतात, आणि तबला कपाटावर, रंगांची पेटी माळ्यावर व कबड्डीचे बूट खाटेखाली जातात. पंधरा-सोळा वर्षांच्या त्या जिवाला हा निवाडा नेहमीच अन्यायाचा वाटतो असेही नाही. कारण तो ज्यांनी दिला त्यांचे आपल्यावर प्रेम आहे, याविषयी त्याच्या मनात तिळमात्र शंका नसते. प्रश्न अवघड झाला आहे तो याच कारणाने.

या अपेक्षेची मुळे शोधू गेल्यास ती आईबापांच्या हव्यासात नव्हे, तर वऱ्हाडच्या जमिनीत सापडतात. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून जो खारपाण पट्टा पसरला आहे, तेथे विहीर खणली तरी खारे पाणी लागते, ते पिकाला देता येत नाही, आणि काळीभोर कसदार जमीन पायाखाली असूनही शेतकऱ्याला आभाळाकडे पाहत बसावे लागते. कापसाचा भाव, पावसाचा खंड, बोंडअळी आणि बँकेचे वा सावकाराचे देणे या चौघांच्या मेहेरबानीवर ज्याचे वर्ष उभे राहते किंवा कोसळते, त्या माणसाला दरमहा पगार देणारी नोकरी ही चैन वाटत नाही, सुटका वाटते. ज्या मुलखाने शेतकऱ्यांच्या आत्महत्या इतक्या जवळून पाहिल्या, तेथील बापाने आपल्या मुलीला डॉक्टर आणि मुलाला इंजिनिअर करण्याचा ध्यास घेतला, तर त्याला दूषण देण्याचा अधिकार शहरात सुखाने राहणाऱ्या लेखकाला नाही.

शिवाय शिक्षणाचा हा ध्यास वऱ्हाडाने फार मोठ्या माणसांकडून घेतलेला आहे. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी १८७६ साली जन्मलेल्या गाडगेबाबांनी गावोगाव कीर्तने करून, घरातली भांडी मोडावी लागली तरी चालतील पण पोरांना शाळेत घाला, हेच लोकांच्या कानी-कपाळी ओरडून सांगितले. पापळच्या पंजाबराव देशमुखांनी परदेशी जाऊन विद्वत्ता मिळविल्यावर अमरावतीस शिवाजी शिक्षण संस्था उभी केली आणि शेतकऱ्यांच्या मुलांकरिता शाळा-महाविद्यालयांची दारे उघडली. आज अमरावतीच्या विद्यापीठाला गाडगेबाबांचे आणि अकोल्याच्या कृषी विद्यापीठाला पंजाबरावांचे नाव आहे. परंतु याच जिल्ह्यातील यावली गावी १९०९ साली माणिक नावाचा एक मुलगा जन्मला, शाळेत फार काळ रमला नाही, भजनात आणि खंजिरीत रमला, आणि पुढे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज म्हणून ज्याच्या खंजिरीने खेडीच्या खेडी जागी केली, हेही वऱ्हाडानेच पाहिले आहे. हे दोन्ही वारसे एकाच मातीतले असता आपण त्यांतला एकच तेवढा मुलांच्या हाती देतो, ही खंत बोलून दाखविल्यावाचून राहवत नाही.

आता अकोल्याकडे वळू. गेल्या काही वर्षांत हे शहर पश्चिम विदर्भातील शिकवणीवर्गांची मोठी पेठ बनले असून बुलढाणा, वाशीम, यवतमाळ या जिल्ह्यांतून अकरावीला मुले तेथे येतात, भाड्याच्या खोलीत दोघे-तिघे मिळून राहतात, मेसचा डबा लावतात आणि अभ्यासिकेत महिन्याच्या बोलीने खुर्ची घेतात. त्यांच्यापैकी पुष्कळांचे नाव असते एका कनिष्ठ महाविद्यालयात आणि दिवस जातो क्लासमध्ये. या व्यवस्थेला सर्रास ‘इंटिग्रेटेड’ म्हणतात. महाविद्यालयात नाव असूनही तेथे जाणे होत नसल्यामुळे स्नेहसंमेलन नाही, मैदान नाही, नाटकाची तालीम नाही, हस्तलिखित नाही. म्हणजे पूर्वी ज्या जागी छंदाला सहजी आसरा मिळे, ती जागाच दिनक्रमातून काढून टाकलेली आहे. सकाळची बॅच, दुपारची बॅच, रविवारी टेस्ट, सोमवारी भिंतीवर लावलेली गुणांची यादी, आणि त्या यादीत आपले नाव कितव्या ओळीत आहे ते रात्री फोनवरून घरी सांगण्याची वेळ, असा आठवडा फिरत राहतो. वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेत १८० प्रश्न आणि ७२० गुण असतात. २०२५ पासून वेळही १८० मिनिटेच झाली, म्हणजे प्रश्नामागे एक मिनिट. देशभरातून वीस लाखांहून अधिक मुले तिला बसतात आणि एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास आहेत. हा भागाकार ज्याला करता येतो त्याला हेही कळेल, की मुलाने छंद सोडला किंवा न सोडला, बसणाऱ्यांपैकी बहुसंख्यांना ती जागा मिळणे अशक्यच आहे. मेच्या आरंभी, अकोल्याचे ऊन ऐन भरात असताना, परीक्षा होते; निकाल लागतो; आणि ज्यांना जागा मिळत नाही त्यांच्यापैकी अनेकजण ‘रिपीटर’च्या बॅचमध्ये नाव घालतात. तहकुबीची मुदत तेथे आणखी एका वर्षाने वाढते.

दोन वर्षांनी, तीन वर्षांनी तबला कपाटावरून खाली येतो तेव्हा शाई कोरडी पडलेली असते, वादी सैल झालेली असते, पण त्याहून मोठी हानी बोटांची झालेली असते. पंधरा ते अठरा या वयात हाताला, गळ्याला आणि पायांना जे वळण लागते, ते पुढे लावू म्हटल्याने तितक्या सहजतेने लागत नाही. रियाझ म्हणजे बँकेतील मुदत ठेव नव्हे, की मुदत संपल्यावर व्याजासह परत मिळेल. ‘फक्त दोन वर्षे’ या शब्दांत आईबापांना प्रामाणिकपणे थोडीच मुदत अभिप्रेत असते. मात्र पुष्कळ घरांत ती कायमची ठरते, आणि ते कोणाच्या ध्यानातही येत नाही.

छंदाला मोकळीक देणारी एक वाट शासनाने ठेवली आहे, तिचाही विचार केला पाहिजे. राज्य शिक्षण मंडळाच्या परीक्षांत क्रीडास्पर्धांतील प्रावीण्याबद्दल जादा गुण देण्याची तरतूद आहे. दहावीला चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेच्या श्रेणीबद्दल तसेच शास्त्रीय आणि लोककलांबद्दलही गुण मिळतात. हेतू उत्तम आहे. परंतु घराघरांत त्याचा परिणाम असा झाला, की छंदाची किंमत गुणांत मोजण्याची सवय लागली, आणि ज्या दिवशी ते गुण जमा झाले त्या दिवशी छंदाचे काम संपले असे मानले जाऊ लागले. दहावीच्या अर्जासोबत प्रमाणपत्र जोडले की ब्रश ठेवून द्यायचा, हा शिरस्ता पडला.

या हिशेबातूनही कधी वेगळेच काही निपजते, याचे उदाहरण अमरावतीतच आहे. भारतीय संघातून खेळलेला यष्टिरक्षक जितेश शर्मा हा १९९३ साली अमरावतीत जन्मला. त्याची इच्छा वायुसेनेत जाण्याची होती, आणि राज्य पातळीवर खेळणाऱ्याला जादा गुण मिळतात एवढ्याच विचाराने शाळेत असताना आपण क्रिकेटकडे वळलो, हे त्यानेच मुलाखतीतून सांगितलेले आहे. गुणांकरिता हाती घेतलेली बॅट पुढे हातातून सुटली नाही. २०२३ साली आशियाई क्रीडास्पर्धेत तो भारताकडून खेळला. ही कथा मी यश सांगण्यासाठी सांगत नाही, कारण क्रिकेटमध्ये भारतीय संघापर्यंत पोहोचणे हे एमबीबीएसच्या जागेहूनही दुर्मीळ आहे आणि अशा उदाहरणांवर भिस्त ठेवून कोणी अभ्यास सोडू नये. मला तिच्यातून एवढेच दाखवायचे आहे, की पंधराव्या वर्षी मुलाचा कल कशात आहे, हे त्याचे आईबाप, त्याचे शिक्षक आणि स्वतः तोही नेमके सांगू शकत नाही. आणि कल निश्चित झालेला नाही अशा वयात एक सोडून बाकीची सर्व दारे लावून घेणे हा शहाणपणा नव्हे.

अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे मैदान ज्यांनी पाहिले असेल त्यांना मी काय म्हणतो ते अधिक लवकर उमगेल. १९१४ साली वैद्य बंधूंनी स्थापन केलेल्या या मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिक प्रसंगी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके करून दाखविली होती. मल्लखांबाचा सराव पाहावा. एरंडेलाने चकचकीत झालेल्या त्या लाकडी खांबाला तळव्याची आणि मांडीची पकड बसेपर्यंत मुलगा कितीतरी वेळा घसरतो. उडीचा पाय कोठे पडावा, श्वास केव्हा रोखावा, उलटे झाल्यावर नजर कोठे ठेवावी, हे त्याला उस्ताद सांगतात, पण शिकतो तो स्वतःच्या घसरण्यातून. तेथे गुणांची यादी लागत नाही. काल जी उडी साधली नाही ती आज साधली, याची साक्ष त्याचे शरीर त्याला देते, आणि सर्वांसमक्ष पडून पुन्हा उठण्याची लाज त्याला उरत नाही. टेस्टमध्ये दोनशे गुण कमी पडले म्हणून ज्याचे जगणे काळवंडून जाते, त्या मुलाला या शिक्षणाची किती गरज आहे! छंद अभ्यासाचा वेळ खातो, हे खरे आहे. पण अपयश पचविण्याची ताकद तो देतो, ही बाजू आपल्या जमाखर्चात मांडलीच जात नाही.

वऱ्हाडच्या वाङ्मयात उपजीविका आणि आवड यांचा संसार एकत्र केलेली माणसे आहेत. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचे माध्यमिक शिक्षण अकोल्यास झाले; नाटकाचे वेड त्यांना लहानपणापासून होते, तरी त्यांनी कायद्याची परीक्षा दिली, खामगाव आणि जळगाव जामोद येथे वकिली केली, आणि ‘वीरतनय’ हे त्यांचे नाटक वकिलीची सनद पदरात पडण्यापूर्वीच, १८९६ साली, लिहून झाले होते. वकिलीसाठी त्यांनी नाटक तहकूब ठेवले असते, तर मराठी विनोदाचा इतिहास निराळ्या रीतीने लिहावा लागला असता. सुरेश भटांची गोष्ट याहून अधिक जिव्हारी लागणारी आहे. १९३२ साली अमरावतीत डॉक्टरांच्या घरी जन्मलेल्या या मुलाला अगदी लहानपणी पोलिओने गाठले. आईला कवितेची आवड होती आणि तिच्याकडून ती मुलाकडे आली. बी.ए.च्या शेवटच्या वर्षी ते दोनदा अनुत्तीर्ण झाले आणि १९५५ साली उत्तीर्ण झाले. आजच्या गुणांच्या यादीत अशा विद्यार्थ्याचे नाव कोठे लागले असते, हे सांगायला नको. मराठी गझलेचा सम्राट ज्या घरात वाढला, त्या घरात आईने कविता ही अभ्यासातील अडचण मानली नाही, हे आपल्या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

शिक्षकांविषयी थोडे लिहिले पाहिजे. पी.टी.चा तास गणिताला देणारे आणि चित्रकलेच्या तासाला विज्ञानाची उजळणी घेणारे शिक्षक दुष्ट नसतात. शाळेचा निकाल शेकडा किती लागला, हा प्रश्न त्यांना संस्थाचालक विचारतात, पालक विचारतात, आणि पुढील वर्षीची पटसंख्याही त्यावर अवलंबून असते. पण मुलाच्या बाजूने आईबापांशी बोलू शकेल असा त्याच्या आयुष्यात शिक्षकाखेरीज दुसरा कोण आहे? खेळाच्या सरांनी किंवा मराठीच्या बाईंनी एकदा घरी जाऊन, पोराच्या वडिलांशी चहा घेत, “याला संध्याकाळचा तास मोकळा ठेवा, अभ्यासाची हमी मी घेतो,” एवढे म्हटले, तर पुष्कळदा जे मुलाच्या अश्रूंनी होत नाही ते होते. कारण बापाला धाक असतो तो मुलगा हातचा जाण्याचा; जबाबदार माणसाने हमी घेतली की त्याचा जीव भांड्यात पडतो.

मुलींच्या बाबतीत ही मुभा आणखी आखूड आहे. मुलगा मैदानावरून आठला आला तर उशीर होतो आणि मुलगी सातला आली तर चर्चा होते, त्यामुळे अभ्यासाचे निमित्त पुढे होण्याआधीच तिचा खेळ सुटलेला असतो. तिच्यासाठी वेळेइतकीच सोबतीची आणि जाण्या-येण्याच्या सोयीची तजवीज घरानेच केली पाहिजे.

मुलांनी समतोल साधावा, असा उपदेश आपण फार करतो. माझे मत याच्या उलट आहे. ज्याचे वेळापत्रक क्लास आखतो, पैसे वडील भरतात आणि निकाल शाळा मोजते, त्या मुलाकडे तोलायला स्वतःचे असे काही उरलेलेच नसते. समतोल साधण्याचे दायित्व मोठ्यांचे आहे, आणि ते पार पाडण्यास कायद्याचाही आधार आहे. मुलाचा विश्रांतीचा आणि खेळण्याचा हक्क मान्य करणारा संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार भारताने १९९२ साली स्वीकारला. जानेवारी २०२४ मध्ये केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने शिकवणीवर्गांकरिता जी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली, त्यांत सोळा वर्षांखालील मुलांना प्रवेश नको, दिवसाला पाच तासांहून अधिक शिकवणी नको आणि आठवड्याची सुटी असावी, असे स्पष्ट म्हटले आहे. ती पाळली जातात की नाही, हे पाहण्याचा पहिला अधिकार शुल्क भरणाऱ्या पालकाचा आहे.

तेव्हा वऱ्हाडातील आईबापांना माझी विनंती आहे. आपण मुलाला डॉक्टर करण्याचे स्वप्न सोडू नका. ते कष्टाने पाहिलेले स्वप्न आहे. परंतु अकोल्याला किंवा अमरावतीला प्रवेशाकरिता जाल तेव्हा शुल्काचा पहिला हप्ता देण्यापूर्वी आठवड्याची सुटी कोणत्या वारी आहे आणि त्या दिवशी टेस्ट तर ठेवत नाहीत ना, हे विचारून घ्या. रोजचा एक तास मुलाच्या नावे लिहून ठेवा, त्या तासाचे गुण किती मिळाले हे त्याला कधीही विचारू नका. आणि जूनमध्ये त्याची गादी, बादली व पुस्तके गाडीत चढवाल तेव्हा त्याची बासरी किंवा त्याचे बूटही त्या सामानात आहेत, याची खात्री करून मगच गाडी हलू द्या.