टॉक्सोप्लाझ्मा: ‘पॉझिटिव्ह’ दिसलं, तर आधी ‘कधीपासून?’ विचारा

 दिल्लीच्या रुग्णालयात काय किंवा महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या दवाखान्यात काय, गरोदर बाईच्या ‘टॉर्च’ तपासणीत (गर्भाला बाधू शकणाऱ्या काही संसर्गांची रक्ततपासणी) टॉक्सोप्लाझ्मापुढे ‘आयजीजी पॉझिटिव्ह’ दिसलं की घरचे धास्तावतात. बाळाला आजार झालाच, हा त्यातला पहिला गैरसमज. आयजीजी हे प्रतिपिंड एवढंच सांगतं की या परजीवीशी शरीराची गाठ पूर्वी पडलेली आहे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या, देशाच्या चारही भागांतल्या स्त्रियांच्या पाहणीत सुमारे २२ टक्के जणींमध्ये ते आढळलं. संसर्ग दिवस राहण्याच्या बराच आधीचा असेल, तर आईची प्रतिकारशक्तीच बाळाला जपते. एचआयव्हीसारख्या आजाराने ती खचली असेल तर गोष्ट वेगळी. म्हणून वारंवार होणाऱ्या गर्भपातांचं खापर जुन्या आयजीजीवर फोडू नये. ‘पण आयजीएमही पॉझिटिव्ह आहे,’ असं कुणी म्हणेल. आयजीएम, म्हणजे नव्या संसर्गात दिसणारं प्रतिपिंड, कधी कधी वर्षभरही रेंगाळतं, क्वचित खोटंही निघतं. अशा वेळी आयजीजी परजीवीला किती घट्ट चिकटतं, म्हणजेच त्याची ‘अ‍ॅव्हिडिटी’ तपासावी. पहिल्या तीन महिन्यांत ती जास्त आली, तर संसर्ग गर्भधारणेआधीचा ठरतो. निव्वळ एका आयजीएमवरून गर्भपाताचा निर्णय घेणं घातक आहे.

दुसरा गैरसमज मांजराचा: हा परजीवी त्याच्यामुळेच होतो, म्हणून ते घराबाहेर काढावं. मांजर साधारण एक ते तीन आठवडेच विष्ठेतून बीजाणू टाकतं आणि ते संसर्गक्षम व्हायला एक ते पाच दिवस लागतात. त्यामुळे विष्ठा रोज, शक्यतो दुसऱ्याने उचलली की पुरे. मांजर घराबाहेर काढायची गरज नाही. युरोपातल्या सहा शहरांच्या अभ्यासात ३० ते ६३ टक्के संसर्ग कच्च्या-अर्धकच्च्या मांसाशी जोडले गेले. मात्र शाकाहारी माणूस सुरक्षित, हेही खरं नाही. मातीचे कण राहिलेली कोथिंबीर आणि दूषित पाणी यांतूनही परजीवी पोटात जातो.

मग काळजी सोडून द्यावी का? मुळीच नाही. गरोदरपणात नव्याने झालेला संसर्ग सुरुवातीच्या महिन्यांत बाळापर्यंत कमी वेळा पोहोचतो, पण पोहोचला तर मेंदू आणि डोळ्यांना गंभीर इजा करतो. शेवटच्या महिन्यांत तो जास्त वेळा पोहोचतो आणि जन्मताना बाळ धडधाकट दिसतं; डोळ्यांतला दाह पुढे काही वर्षांनीही उफाळू शकतो. म्हणून नवा संसर्ग पक्का झाला, तर आईचे उपचार तज्ज्ञांच्या सल्ल्याने लगेच सुरू व्हावेत, आणि बाळ ठणठणीत वाटलं तरी त्याच्या रक्ताची व डोळ्यांच्या पडद्याची तपासणी टाळू नये. भीतीपोटी निरोगी गर्भ गमावणं आणि निष्काळजीपणाने बाळाची दृष्टी गमावणं, हे दोन्ही अनर्थ वेळेवर नीट केलेल्या तपासणीने टाळता येतात.