वेताची खुर्ची आणि बुरुडाची मजुरी

आमच्या बार रूममध्ये वेताच्या सहा खुर्च्या आहेत. चौकट सागवानी, बैठकीला वेताची जाळी. त्यांतल्या चारांची बैठक खोलगट झाली आणि दोघींची फाटली. सभेत ठराव आला की या भंगारात काढा व प्लास्टिकच्या आणा. आम्ही विरोध केला. चौकट शाबूत आहे, एक सांधा हललेला नाही, मग खुर्ची मोडीत कशी? त्यावर उत्तर मिळाले, "वकीलसाहेब, मग तुम्हीच दुरुस्त करून आणा." म्हणून आम्ही बुरूडआळी गाठली.

तिथल्या काकांनी साठी ओलांडलेली. सुपे, टोपल्या, लग्नाच्या परड्या हा त्यांचा रोजचा धंदा. खुर्चीचे काम वर्षातून चार-दोन वेळा. त्यांनी बार रूममध्ये येऊन प्रत्येक बैठकीवर बोट फिरवले आणि म्हणाले, "या चारांना विणायचं काम नाही. वेत तुटला नाही, सैल पडलाय." खुर्ची उलटी केली, गरम पाण्यात फडके भिजवून जाळीच्या खालच्या अंगाने दाबून धरले. वरून का नाही, असे आम्ही विचारले. वेताची वरची साल चकचकीत असते, ती पाणी धरत नाही. पाणी पिते ते खालचे अंग. भिजलेला वेत सावलीत रात्रभर सुकला की आखडतो आणि जाळी ताठ होते. तेवढ्या वेळात खुर्चीवर कोणी बसायचे नाही आणि लाकडावर पाणी सांडू द्यायचे नाही, नाहीतर पॉलिश पांढरे पडते. दुसऱ्या दिवशी चारही बैठका ढोलकीसारख्या ताठ! या चार खुर्च्या आम्ही भंगारात घालणार होतो.

फाटलेल्या दोघींचे काम निराळे. जुनी जाळी कापून चौकटीची भोके आरीने मोकळी केली. वेताच्या पट्ट्या वीसेक मिनिटे पाण्यात ठेवल्या. मग एक थर उभा, त्यावर आडवा, पुन्हा उभा, मग चौथा आडवा थर खालीवर गुंफत. त्यानंतर दोन तिरके थर आणि शेवटी भोके झाकणारी काठाची पट्टी. चकचकीत बाजू कायम वर आणि पट्टीला कुठेही पीळ नको. तिरका थर एका जागी चुकीच्या बाजूने गेला तर पट्टी घासून तिथेच आधी तुटते. ओल्यापणी फार ताणायचे नाही, सुकताना वेत आपणच ताणतो.

एका खुर्चीला दीड दिवस. काकांनी खुर्चीमागे १,२०० रुपये सांगितले, वेत त्यांचा. आम्ही ८०० म्हणालो. ते शांतपणे म्हणाले, "साहेब, तुम्ही एका तारखेचे किती घेता?" समतेवर भाषणे देणाऱ्या आम्हाला हा प्रश्न ऐकावा लागला, हे लपवण्यात अर्थ नाही. १,२०० दिले.

बुरूड ही महाराष्ट्रात अनुसूचित जात आहे. त्यांच्या कच्च्या मालाशी कायदा कसा वागतो ते पाहा. वेत म्हणजे बांबू नव्हे. बांबू हे पोकळ गवत, वेत हा भरीव, काटेरी, वर चढत जाणारा ताडाच्या कुळातला वेल. पण १९२७ च्या भारतीय वन कायद्याच्या कलम २(७) मध्ये दोघेही 'झाड' होते. २०१७ च्या दुरुस्तीने बांबू त्या व्याख्येतून वगळला, वेत मात्र तिथेच राहिला. २००६ चा वनहक्क कायदा त्याच वेताला गौण वनोपज म्हणतो आणि त्यावर वननिवासींचा हक्क मान्य करतो. तो योग्यच आहे. परंतु शहरातल्या बुरूडआळीतला कारागीर वननिवासी ठरत नाही. तो वेत व्यापाऱ्याकडून व्यापाऱ्याच्या भावाने घेतो आणि घासाघीस होते ती त्याच्याच मजुरीवर.

या कामाचे दुसरे मानकरी अंध कारागीर. बोटांनी भोके मोजत विणायचे हे काम अंधशाळांतून पिढ्यानपिढ्या शिकवले गेले. सरकारी कचेऱ्यांत वेताच्या खुर्च्या होत्या तोवर त्यांना काम होते; गादीच्या आणि प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या आणि ते आटले. अंध म्हटले की खुर्च्याच विणणार, हे ठरवून टाकणे आम्हाला कधीच पटले नाही. बुरुडाच्या पोराने बुरुडकामच करावे म्हणण्यासारखेच ते. काकांचा मुलगा आयटीआय करतो आहे, आम्हाला त्याचा आनंदच आहे. पण ज्याच्या हातात आज हा हुन्नर आहे त्याला पुरते दाम मिळू नये, असा त्याचा अर्थ होत नाही.

ज्यांच्या घरी अशा खुर्च्या आहेत त्यांच्यासाठी काकांचे सांगणे इथे देतो. वेतावर उभे राहू नका, गुडघा टेकू नका. पंखा पुसायला खुर्चीवर चढणे हे जाळी फाटण्याचे मोठे कारण. कडक उन्हात ठेवू नका, वेत कोरडा पडून तडकतो. पावसाळ्यात बुरशी आली तर कोरड्या फडक्याने पुसून वाऱ्याला ठेवा. धूळ मऊ ब्रशने काढा. खाली पिठासारखा भुगा दिसला तर कीड लागली समजा आणि ती खुर्ची आधी बाकीच्यांपासून दूर करा. एखादी पट्टी तुटली की लगेच दाखवा, शेजारच्या पट्ट्यांवर भार येऊन महिन्याभरात भगदाड पडते. आणि खुर्चीच्या काठाला भोके नसून खाच असेल, तर ती तयार जाळी खाचेत ठोकून बसवलेली असते. तिथे पट्टी विणून भागत नाही, अख्खी जाळी बदलावी लागते.

आम्ही बार रूमच्या पुढच्या सभेसाठी ठराव दिला आहे. लाकडी सामान भंगारात काढण्यापूर्वी कारागिराला दाखवावे, त्याचे मत कागदावर घ्यावे आणि तो सांगेल ती मजुरी रोख द्यावी. अनुमोदक अजून एकच मिळाला आहे.