प्रतिपक्षाची पारख

पावसाळा सरून विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन सामन्यांचे दिवस जवळ आले, म्हणजे चांदूर बाजारासारख्या तालुक्याच्या गावी ज्या घरातील मुलगा अथवा मुलगी कबड्डीच्या संघात असेल, त्या घरी जेवणाच्या पंक्तीस एकच विषय निघतो : समोर कोण येणार? अमरावतीचा संघ येणार असे कळले, की मंडळींचे दोन तट पडतात. एक तट म्हणतो, ‘त्यांच्यापुढे आपला काय निभाव लागणार!’ दुसरा म्हणतो, ‘शहरातली नाजूक मुले ती, आपल्या काळ्या मातीत वाढलेल्या पोरांस ती काय धरणार!’ दोन्ही मते सारख्याच आवेशाने मांडली जातात, आणि गंमत ही, की दोहोंपैकी एकाही तटाने त्या संघाचा खेळ पाहिलेला नसतो. भीती आणि तुच्छता या दोन सख्ख्या बहिणी असून दोघींचा जन्म न पाहण्यातूनच होतो, असे आमचे मत आहे.

अमरावतीच्या नावाचा दरारा वाटावा यास कारणे आहेत, हे प्रथमच मान्य केले पाहिजे. वैद्य बंधूंनी १९१४ साली तेथे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे बीज पेरले. याच मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिक प्रसंगी भारतीय व्यायामप्रकारांबरोबर आपल्या हुतूतूचेही खेळ करून दाखविले. आज तेथे शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय नांदते आहे. अशा परंपरेत वाढलेल्या मुलांस खेळाचे शास्त्र लहानपणीच मिळते, यात संशय नाही. परंतु बर्लिनला गेलेले ते पथक काही आपल्या मुलांसमोर उभे राहावयाचे नाही. समोर सात जण येतील. त्यांस दोन हात, दोन पाय आणि एकच दम असेल. पारख करावयाची ती या सातांची.

ती कशी करावी? प्रतिपक्षाचा एखादा सामना आधी पाहावयास मिळाला, तर गुणफलकाकडे कमी आणि मैदानाकडे अधिक लक्ष द्यावे. त्यांचा मुख्य चढाईपटू कोणत्या बाजूने शिरतो? गडी हाताने टिपतो की पायाने? प्रत्येक चढाईत निदान रेषा ओलांडणे भागच असते. ती ओलांडून तो तसाच परततो, की आणखी आत घुसतो? समोर सहा-सात गडी असता बोनस रेषेवर पाय टाकण्याचा त्यास मोह होतो काय? ज्यास असा मोह असतो, तो कोपऱ्यातील गड्याच्या आवाक्यात येतो, आणि सावध कोपरारक्षकास तेवढेच पुरते. चढाईस अवघे तीस सेकंद असतात. शेवटच्या दहा सेकंदांत मनुष्याचा खरा स्वभाव बाहेर येतो. कोणी घाईने झेप घेतो, कोणी आधीच मागे वळू लागतो.

याहून महत्त्वाचा एक प्रश्न आहे. तो मुख्य चढाईपटू बाद होऊन बाहेर बसला, म्हणजे पुढे कोण येतो? कित्येक संघांची कीर्ती एकाच खांद्यावर तोललेली असते. तो खांदा बाजूस झाला, की उरलेले सहा जण एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. बचावाचेही तसेच. साखळी धरून उभे असलेले दोघे एकाच वेळी पुढे सरतात, की एक धावतो आणि दुसरा विचार करीत राहतो? मैदानात तीनच गडी उरले असता ते खचतात, की अव्वल पकडीच्या जादा गुणासाठी उलट धीट होतात? या चार-सहा गोष्टी जो पाहून ठेवील, त्यास अमरावतीचे नाव ऐकून घाम फुटणार नाही, आणि त्या नावाची टवाळी करण्याचेही सुचणार नाही.

न पाहण्याची किंमत आपल्या देशाने केवढी मोजली, हे स्मरणात ठेवण्यासारखे आहे. आशियाई क्रीडास्पर्धांत कबड्डी १९९० साली बीजिंग येथे आली. तेव्हापासून २०१४ पर्यंत पुरुषांची सातही सुवर्णपदके भारताने घेतली. महिलांनी २०१० व २०१४ अशी दोन्ही घेतली. हा खेळ आपलाच, तो दुसऱ्यास काय येणार, ही भावना रुजावयास एवढे पुरे झाले. परंतु इराणचे कित्येक खेळाडू २०१४ साली सुरू झालेल्या आपल्याच व्यावसायिक स्पर्धेत आपल्याच गड्यांबरोबर खेळून त्यांची प्रत्येक लकब टिपून घेत होते. इराणच्या महिला संघास तर शिकविण्यासाठी आपल्या नाशिकच्या शैलजा जैन गेल्या होत्या. २०१८ साली जाकार्ता येथे इराणने उपांत्य सामन्यात भारताच्या पुरुषांस हरविले, आणि अंतिम सामन्यात भारताच्या महिलांस २७-२४ असे नमविले. इराण आपणांस ओळखत होता. आपण त्याच्याकडे पुरेसे पाहिले नव्हते, असेच आम्हांस वाटते. पुढे २०२३ साली हांगझौ येथे दोन्ही सुवर्णपदके परत आली खरी, पण महिलांचा अंतिम सामना चिनी तैपेईविरुद्ध २६-२५ असा एका गुणाने सुटला. आपलाच खेळ आहे म्हणून कोणी आता स्वस्थ झोपू शकत नाही.

यात घरच्या मंडळींचे काम कोणते? सामन्याच्या आदल्या रात्री प्रतिपक्षाच्या पराक्रमाच्या कथा सांगून मुलांचा धीर खचविणे हे जसे प्रेमाचे लक्षण नव्हे, तसेच ‘तुम्ही सहज जिंकाल’ असे म्हणून त्यांस गाफील करणे हेही नव्हे. काकांनी, आजोबांनी इतकेच विचारावे : ‘त्यांचा डावा कोपरा कसा आहे रे? त्यांचा पहिला गडी बाद झाला, तर तुम्ही काय करणार?’ हाच प्रश्न नातीसही तितक्याच गांभीर्याने विचारावा. मुलींचा सामना जाता जाता पाहण्याचा, ही समजूत पुष्कळ घरांत अजून आहे, ती जावयास हवी. उत्तर देताना मुलांस आपला बेत आपोआप सुचेल, आणि आपल्या बचावात भोक कोठे आहे, तेही दिसेल. परक्याची पारख करू लागलेला मनुष्य पुष्कळदा स्वतःची पारख करून थांबतो.

सामना जिंकला तर आनंदच आहे. हरला, तर घरी परतलेल्या मुलांस ‘कितीने हरलात?’ असे विचारण्याआधी ‘त्यांच्यात कोण चांगले खेळले?’ असे विचारावे. या प्रश्नाचे नेमके उत्तर जो संघ देऊ शकतो, तो पुढच्या वर्षीच्या तयारीस त्याच रात्री लागलेला असतो.