रंजक, गार आणि टोपी

जून लागला की पाचगणीच्या टेबल लँडवर ढग असे उतरतात की दहा पावलांवरचा घोडेवाला दिसत नाही. काडेपेटीसुद्धा सादळते. अशा हवेत तोड्याची बंदूक चालवणे म्हणजे दैवाशी जुगार. सोऱ्यात भिजवून वाळवलेल्या सुती वातीचा, म्हणजे तोड्याचा, निखारा फुंकून जिवंत ठेवायचा आणि नळीच्या कानापाशी, म्हणजे बाजूच्या भोकापाशी, उघडी पडलेली चिमूटभर रंजक, म्हणजे पेटवणीची दारूही कोरडी राखायची. मराठी फौजा दसऱ्याला बाहेर पडत, त्याला पेरण्या, नद्यांचे पूर, चारा अशी कारणे देतात. दारूचा ओलावाही त्यात धरावा, असे मला वाटते.

चकमकीच्या बंदुकीत तोडा गेला. गार पोलादावर आपटून ठिणगी पाडू लागली. महादजी शिंद्यांच्या कवायती पलटणींसाठी आग्र्याला सँगस्टर नावाचा स्कॉट कारागीर अशा बंदुका घडवत होता. रंजक मात्र तशीच उघड्यावर राहिली.

तोडगा काढला एका पाद्र्याने. स्कॉटलंडमधल्या बेल्हेल्वी गावच्या अलेक्झांडर फोर्सिथला पक्ष्यांच्या शिकारीचा नाद होता. रंजकेचा भपका दिसताच पाखरे उडून जात. ठोक्याने पेटणारी दारू वापरून त्याने १८०७ साली पेटंट घेतले. पुढे त्यातूनच अशी दारू आत बंद केलेली तांब्याची टोपी आली. १८३४ मध्ये वुलिचला चाचणी झाली, तेव्हा चकमकीचा साधारण सहा-सात बारांत एक फुसका गेला, टोपीचा १६६ बारांत एक. तरी कंपनीच्या पलटणी जुन्याच बंदुकांवर राहिल्या. मे १८४१ मध्ये कँटनजवळ मुसळधार पावसात ३७व्या मद्रास पलटणीची एक तुकडी शत्रूच्या घेऱ्यात सापडली आणि तिच्या चकमकीच्या बंदुका बंद पडल्या. तिला सोडवून आणले ते टोपीच्या बंदुका घेतलेल्या गोऱ्या मरीन शिपायांनी.

बदललेली जुनी बंदूक ओळखायची तर नळीच्या उजव्या अंगाला, मागच्या टोकाशी पाहावे. गार धरणाऱ्या घोड्याच्या जागी बोथट तोंडाचा घोडा असतो, रंजकेची वाटी कापलेली असते आणि कानाच्या जागी टोपी बसवायची बोंडी आटे पाडून घट्ट केलेली असते. खाली पट्टीवर बुजवलेली भोके राहून जातात. नळी, दस्ता, गज सगळे जुनेच.

या सोयीची किंमत गावाने मोजली. वात घरी वळता येत होती, गारगोट्यांना तर दख्खनच्या पठारावर तोटाच नाही. टोपी मात्र कारखान्यातूनच यायची. त्यातच साताऱ्याचे राज्य १८४८ मध्ये खालसा झाले, १८७८ च्या हत्यार कायद्याने परवाना सक्तीचा केला. हत्यार घरात ठेवून त्याची नाडी सरकारच्या हाती देणारी व्यवस्था होती ती.

अमेरिकेत टोनी नाइटने १९८५ मध्ये ठासणीच्या बंदुकीतली ठिणगी थेट नळीच्या मागे, सरळ रेषेत आणली. आता तिथे छर्ऱ्याच्या काडतुसाचा प्रायमर बसवलेल्या अशा बंदुका सर्रास दिसतात. गंमत म्हणजे आयडाहोसारख्या राज्यात ठासणीच्या खास हंगामात तो प्रायमर चालत नाही, ठिणगीची जागाही उघडी लागते. म्हणून काही शिकारी पैसे मोजून उलटे टोपीवर येतात.

आपल्याकडे असा खेळ करता येत नाही. १९५९ च्या हत्यार कायद्याच्या पाचव्या कलमाप्रमाणे बंदुकीची दुरुस्ती वा रूपांतर करणाऱ्याला स्वतंत्र परवाना लागतो. स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांत रानडुकरे शिरली, तर पीक राखायला दिलेली बंदूक खुंटीला असूनही वन खात्याची परवानगी निराळी काढावी लागते. गव्याचे प्रकरण त्याहून अवघड, कारण तो वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे.