छोट्या हातांचा बटवा

रमजानमध्ये असरनंतरचा वेळ लहान मुलांना फार मोठा वाटतो. घरात मोठ्यांचा रोजा, इफ्तारला अवकाश आणि मुलांचे ‘आता काय करू?’ सुरू. मावळात यावर उपाय घरातच आहे. इथल्या पावसाळ्यात ऊब देणारी गोधडी म्हणजे जुन्या साड्या आणि साधा धावदोरा. लोणावळ्यापासून वडगावपर्यंत अनेक घरांतल्या दादी-नानींच्या हातात हा टाका आहे. त्याच टाक्याने मुलांकडून बटवा शिवून घ्यावा.

जुन्या सुती कुर्त्याचा 15 सेंटिमीटर रुंद, 36 सेंटिमीटर लांब तुकडा घ्या. दोन्ही टोके 3-3 सेंटिमीटर आत दुमडून नाडीसाठी नेफा शिवा. हे काम मोठ्यांचे. मग सुलट बाजू आत ठेवून मधोमध घडी घाला. नेफ्याखाली दोन्ही कडांना खडूने ठिपके द्या. पाच-सहा वर्षांच्या मुलाला शेजारी बसवून जाड, बोथट सुई द्या. एका ठिपक्यातून खाली, पुढच्यातून वर. टाका वाकडा गेला तरी उसवू नका. शेवटी बटवा उलटवून सेफ्टी पिनेने नाडी ओवा.

फित्रा घरातल्या प्रत्येकाच्या नावाने निघतो, रोजा न ठेवणाऱ्या लहानग्याच्याही. त्याच्या नावाची रक्कम या बटव्यात ठेवा आणि ईदच्या नमाजआधी त्याच्याच हातून गरजूला द्या. नमाजहून परतल्यावर रिकामा बटवा ईदीसाठी तयार असतो.